रिकामी डबी

बुद्धाची कुठलीही मूर्ती बघा, कानांच्या पाळ्या लांब, खाली ओघळलेल्या असतात. त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण साधं आहे. सिद्धार्थ राजपुत्र होता, जड कुंडलं घालायचा, त्यांच्या वजनाने पाळ्या ओढल्या गेल्या. घर सोडलं त्या रात्री त्याने अंगावरचे दागिने उतरवून सारथी छन्नाच्या हाती दिले आणि त्याला परत पाठवलं. कुंडलं गेली, ओढलेल्या पाळ्या तेवढ्या राहिल्या.

म्हणजे बौद्ध परंपरेत दागिन्याची पहिली गोष्ट ही दागिना उतरवण्याची आहे. भिक्षूंना तर अलंकार वर्ज्यच. मग बौद्ध धर्म इतका खोल मुरलेल्या तिबेटमध्ये माणसं डोक्यापासून कमरेपर्यंत पिरोजे, पोवळी आणि चांदीने मढलेली का दिसतात? आणि त्या दागिन्यांवर नेमकी बुद्धाचीच चिन्हं का?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो लेहच्या बाजारात. तिथे दागिन्यांसोबत एक छापील कार्ड मिळतं. अंतहीन गाठ म्हणजे प्रेम, दोन मासे म्हणजे आनंद, शंख म्हणजे कीर्ती, कमळ म्हणजे शुद्धता. डावीकडे चिन्ह, उजवीकडे अर्थ. असे तक्ते मला आवडतात, माझं पोट त्यांच्यावरच चालतं. पण नंतर जे वाचत गेलो, त्यातून लक्षात आलं की कार्डावरचं चुकीचं नसलं तरी तो या दागिन्यांचा सगळ्यात वरचा, सगळ्यात पातळ थर आहे.

गाठीतलं वासरू

तिबेटी दागिन्यांवर सगळ्यात जास्त दिसतात ती अष्टमंगल चिन्हं. छत्र, सोनेरी माशांची जोडी, कलश, कमळ, शंख, श्रीवत्स, विजयध्वज आणि चक्र. यातलं एकही चिन्ह मुळात तिबेटचं नाही, आणि फक्त बौद्धांचंही नाही. छत्र, ध्वज, शंख, कलश ही भारतातल्या राज्याभिषेकाची सामग्री. मथुरेला सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जैन आयागपटांवर माशांची जोडी आणि श्रीवत्स कोरलेले आहेत. आपल्या गावातल्या जैन मंदिरात गेलात तर आजही अष्टमंगल दिसेल, यादी थोडी वेगळी असेल इतकंच. राजाचं वैभव दाखवणाऱ्या या वस्तू बौद्धांनी उचलल्या आणि ज्याने राज्य सोडलं त्याच्याच पायाशी ठेवल्या.

श्रीवत्साचा प्रवास मला सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याकडे ते विष्णूच्या छातीवरचं चिन्ह. तिबेटमध्ये त्याची एकमेकांत गुंतलेली, सुरुवात आणि शेवट नसलेली गाठ झाली. तिचं तिबेटी नाव आहे ‘पेल-बेउ’. तिबेटी अनुवादकांनी आठव्या-नवव्या शतकात संस्कृत ग्रंथांचं प्रचंड भाषांतर केलं, आणि प्रत्येक संस्कृत शब्दाला ठरलेला तिबेटी शब्द असावा म्हणून ‘महाव्युत्पत्ती’ नावाचा कोशही रचला. या शिस्तीत ‘श्री’चा झाला ‘पेल’ आणि ‘वत्स’चा झाला ‘बेउ’. बेउ म्हणजे वासरू. वसुबारसेला आपण ज्या वत्साची पूजा करतो, तेच वासरू एका भाषांतरातून हिमालय ओलांडून गाठीच्या नावात जाऊन बसलं.

या गाठीचा अर्थ ‘प्रेम’ एवढाच नाही. प्रज्ञा आणि करुणा एकमेकांत अशा गुंतल्या आहेत की एक धागा ओढला तर दुसरा हलतोच, असा तो आहे. कुठलीच गोष्ट स्वतंत्रपणे उभी नसते, कारणांच्या जाळ्यात असते, हा बुद्धाचा विचारही तिच्यात वाचला जातो.

शिवाय ही आठ चिन्हं सुटी वाचायची नसतात. तिबेटी परंपरेत ती मिळून बुद्धाचं शरीर आहेत. छत्र म्हणजे मस्तक, मासे म्हणजे डोळे, कलश म्हणजे कंठ, कमळ म्हणजे जीभ, शंख म्हणजे वाणी, गाठ म्हणजे चित्त, ध्वज म्हणजे देह आणि चक्र म्हणजे पाय. ही आठ चिन्हं एखाद्या डबीवर गोलाकार कोरली की ती नुसती नक्षी राहत नाही, तिथे बुद्ध हजर झालेला असतो.

चुकांसाठी आठ मणी

दुसरं नेहमी दिसणारं चिन्ह म्हणजे वज्र. तिबेटी शब्द ‘दोर्जे’, म्हणजे दगडांचा स्वामी. दार्जिलिंगच्या नावात हाच दोर्जे आहे. इंद्राचं हे शस्त्र तिबेटी बौद्ध धर्मात न भंगणाऱ्या बोधाचं चिन्ह झालं. विधीत ते उजव्या हातात धरतात, डाव्या हातात घंटा. वज्र म्हणजे उपाय आणि करुणा, घंटा म्हणजे प्रज्ञा. दोन्ही सोबतच हवीत.

ही जोडी दागिन्यात कुठे असते ते बघण्यासारखं आहे. जपमाळेला दोन लहान गोफ लोंबतात, प्रत्येकात धातूच्या दहा-दहा कड्या. एका गोफाच्या टोकाला चिमुकलं वज्र, दुसऱ्याच्या टोकाला चिमुकली घंटा. माळेचं एक आवर्तन झालं की एका गोफावरची एक कडी वर सरकवायची. दहा झाल्या की दुसऱ्या गोफावरची एक. त्याही दहा झाल्या की माळेला लावलेला एक छोटा चाप एक मणी पुढे न्यायचा. चांदीचा हा गणकयंत्र-दागिना लाखांपर्यंत मोजतो. माळेत मणी १०८, पण हिशेब धरतात तो शंभराचा. वरचे आठ जप चुकलेल्या उच्चारांसाठी, भरकटलेल्या मनासाठी सोडून दिलेले. कुठल्याही यंत्रणेत चुकांसाठी इतकी प्रेमळ जागा ठेवलेली मी पाहिलेली नाही.

समुद्र नसलेल्या देशातली पोवळी

आता चिन्हांकडून खड्यांकडे वळू, कारण तिबेटी दागिन्यात खडाही बोलतो, आणि तो नेहमी बौद्ध भाषेतच बोलतो असं नाही.

पिरोजा हा तिथला सगळ्यात जिव्हाळ्याचा खडा. तिबेटी समजुतीत माणसाच्या शरीरात ‘ला’ नावाचं एक सत्त्व असतं. ते शरीराबाहेर एखाद्या झाडात, तळ्यात किंवा खड्यातही राहू शकतं. अशा पिरोजाला ‘ला-यू’ म्हणतात, म्हणजे जिवाचा पिरोजा. तो हरवणं हे अशुभ. पिरोजा सच्छिद्र असतो, अंगाचं तेल आणि घाम शोषून निळ्याचा हिरवा होत जातो. खडा माणसाचं दुखणं स्वतःवर घेतो, असं लोक मानत. आता आत्मा नाही असं सांगणारा धर्म आणि जीव साठवणारा खडा, हे एकत्र कसं बसतं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसत नाही. गळ्यात मात्र शेकडो वर्षं बसलं. ‘ला’ची कल्पना बौद्ध धर्म येण्याआधीची, धर्माने ती हुसकली नाही, तिच्या शेजारी आपली गाठ आणि आपलं चक्र आणून ठेवलं.

पोवळं तर समुद्रातलं, आणि तिबेटला समुद्र नाही. तांबडं पोवळं यायचं ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून, हजारो किलोमीटर हातोहात विकलं जात. तेराव्या शतकात मार्को पोलोने नोंदवलंय की तिबेटमध्ये पोवळ्याला मोठा भाव आहे, कारण तिथले लोक ते बायकांच्या आणि देवांच्या गळ्यात घालतात. बायका आणि देव, एकाच वाक्यात.

पिवळ्या तृणमण्यांची वाट आणखी लांबची. सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या फ्रेंच जवाहिऱ्या तावर्नियेला पाटण्यात काही आर्मेनियन व्यापारी भेटले. ते थेट बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिगहून तृणमण्याच्या, प्राण्यांच्या आणि राक्षसांच्या आकृत्या बनवून घेऊन आले होते, ‘भूतान’च्या राजाकडे नेण्यासाठी. तावर्निये ज्याला भूतान म्हणतो तो बहुतेक तिबेटच. पूर्व तिबेटमधल्या पशुपालक बायकांच्या केसांत लिंबाएवढे पिवळे मणी दिसतात, त्यामागे असे रस्ते आहेत.

हे सगळं घडवणारे हातही अनेकदा बाहेरचे असत. काठमांडू खोऱ्यातल्या पाटणचे नेवार सोनार आणि तांबट पिढ्यान्‌पिढ्या ल्हासात राहून काम करत. भारतीय चिन्ह, भूमध्य समुद्रातलं पोवळं, नेवार कारागीर आणि ल्हासाची बाई. ‘पारंपरिक तिबेटी दागिना’ म्हणजे हे सगळं.

डबी

या सगळ्या दागिन्यांचा राजा म्हणजे गाउ. गाउ म्हणजे गळ्यात घालायची डबी. आपल्याकडचा ताईत आठवा, किंवा लिंगायत घरांत गळ्यातल्या चांदीच्या डबीत असणारं इष्टलिंग आठवा, म्हणजे कल्पना येईल.

ल्हासाच्या बायकांचा गाउ बहुधा आठ टोकांच्या चांदणीसारखा, म्हणजे एकावर एक तिरके ठेवलेले दोन चौकोन. सोन्याचा पत्रा, वर पिरोजे. आकार मंडलाची आठवण करून देणारा. पुरुषांचा प्रवासातला गाउ मोठा, छोट्या देव्हाऱ्यासारखा. वरून कमानदार, समोर चांदी, पाठीमागे तांबं, मध्ये खिडकी. खिडकीभोवती उठावाच्या कामात आठ मंगलचिन्हं, आणि वर अनेकदा कीर्तिमुख, तेच जे आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर असतं. काहींवर कालचक्राचं चिन्ह असतं, ज्यात सात बीजाक्षरं एकमेकांवर रचून एकच आकृती केलेली असते. असा गाउ चामड्याच्या पट्ट्याने खांद्यावरून आडवा घालत. मुक्कामी पोचलं की उतरवून उंच जागी ठेवायचा, समोर दिवा लावायचा. तो दागिना होता आणि फिरतं देऊळही.

पण महत्त्वाचं असतं ते आत. मातीची शिक्क्यासारखी चिमुकली मूर्ती, ठशाने छापून घडी घातलेला मंत्रांचा कागद, एखाद्या लामाच्या वस्त्राचा तुकडा, मंतरलेले धान्याचे दाणे, गाठी मारलेला दोरा. कुणीतरी दिलेलं, कुठल्यातरी यात्रेत मिळालेलं, आईकडून आलेलं. कारागीर विकतो ती नुसती डबी. तिचा गाउ होतो तो भरल्यावर आणि लामाने मंत्र म्हणून प्रतिष्ठा केल्यावर.

ही गरज समजून घ्यायला तिबेटला जायला नको. औरंगाबाद लेण्यांमधल्या सातव्या लेण्यात प्रवेशाजवळ अवलोकितेश्वराचं एक मोठं शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेल्या माणसांची छोटी दृश्यं आहेत: आग, दरोडेखोर, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. सगळे त्याचा धावा करताहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास या भागातून माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याची भीती त्या दगडात कोरलेली आहे. तोच अवलोकितेश्वर पुढे तिबेटचा रक्षक झाला, त्याचाच मंत्र ‘ओम मणिपद्मे हुं’, ज्यात एक मणीही आहे. फरक इतकाच की सह्याद्रीतल्या व्यापाऱ्याला त्याच्यासाठी लेण्यापर्यंत जावं लागायचं. तिबेटी माणसाने त्याला छातीशी बांधून सोबत नेलं.

पदाची खूण आणि घरची तिजोरी

हे सगळं फक्त भक्तीचं होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. ल्हासा सरकारचे गृहस्थ अधिकारी डाव्या कानात पिरोजे जडवलेलं लांब कर्णभूषण घालत, उजव्या कानात एकच पिरोजा. वरच्या दर्जाचे अधिकारी डोक्यावर बांधलेल्या केसांत सोन्याचा छोटा गाउ लावत. माणूस बोलायच्या आधी त्याचे कान त्याचं पद सांगत. सरदार घराण्यातल्या बायका पोवळी आणि मोती लावलेली त्रिकोणी शिरोभूषणं घालत. लडाखमध्ये पिरोज्यांनी भरलेला ‘पेराक’ आईकडून थोरल्या मुलीकडे जातो, आणि पिरोज्यांच्या किती रांगा यावरून घराची ऐपत कळते. बँक नसलेल्या, सतत फिरणाऱ्या समाजात दागिना हीच तिजोरी. आपल्या आज्यांच्या पुतळ्या आणि बोरमाळा याहून वेगळ्या नव्हत्या.

आणि इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचं एक उत्तर सापडतं. दागिना साठवायचा तसा द्यायचाही असे. १४०९ मध्ये ल्हासातल्या मोठ्या प्रार्थना-उत्सवात त्सोंगखापाने जोखांग मंदिरातल्या बुद्धमूर्तीला रत्नजडित सोन्याचा मुकुट चढवला. पोताला राजवाड्यातले दलाई लामांचे स्तूप सोन्याने मढवून पिरोजे, पोवळी, मोत्यांनी भरलेले आहेत. ज्या बुद्धाने दागिने उतरवले त्याच्याच अंगावर लोकांनी आपले दागिने उतरवून घातले. द्यायला हातात आधी काही असावं लागतं.

३१ मार्च, दोनदा

१९०३-०४ मध्ये यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश भारताची फौज तिबेटमध्ये घुसली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या गावाजवळ जुन्या तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेटी सैनिकांसमोर मॅक्सिम तोफा उभ्या होत्या. सैनिकांच्या अंगावर गोळीपासून वाचवणारे गाउ होते. थोड्या मिनिटांत शेकडो माणसं मेली. या मोहिमेसोबत लॉरेन्स वॉडेल हा अधिकारी होता. ब्रिटिश म्युझियम, कलकत्त्याचं इंडियन म्युझियम अशा संस्थांसाठी वस्तू आणि ग्रंथ जमवायचं काम त्याच्याकडे दिलेलं होतं. मोहिमेतल्या इतर अधिकाऱ्यांनीही खूप काही नेलं. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आज काचेमागे असलेल्या कित्येक डब्यांचा प्रवास या मोहिमेपासून सुरू होतो. खाली पाटीवर लिहिलेलं असतं: ताईताची डबी, चांदी आणि तांबं. ती कुणाच्या छातीवरून आली हे लिहिलेलं नसतं.

पुढची वेळ १९५०च्या दशकातली. चीनचं सैन्य तिबेटमध्ये आलेलं होतं. १९५६ मध्ये पूर्व तिबेटमध्ये बंड पेटलं. लिथांगच्या आंदुग गोंपो ताशी या व्यापाऱ्याने दलाई लामांसाठी सोन्याचं सिंहासन करायचं ठरवलं आणि तिबेटभरातून देणग्या गोळा केल्या. लोकांनी सोनं दिलं, चांदी दिली, पिरोजे, पोवळी, मोती दिले. ४ जुलै १९५७ ला ते सिंहासन नोर्बुलिंगका राजवाड्यात अर्पण झालं. नोर्बुलिंगका म्हणजे रत्नांची बाग. या निमित्ताने वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं एकमेकांना भेटली, विश्वासाची साखळी तयार झाली आणि पुढच्या वर्षी त्यातूनच ‘चुशी गांगद्रुक’ ही सशस्त्र संघटना उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलेले दागिने उतरवून लोकांनी एकाच वेळी एक पूजा केली आणि एक देश वाचवायचा प्रयत्न केला.

तो देश वाचला नाही. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले. मग जे झालं ते निर्वासितांच्या बाबतीत नेहमी होतं तेच. उत्तरेत रस्त्याच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांनी एकेक पिरोजा, एकेक पोवळं, आणि शेवटी डबी विकली. मागे राहिलेल्यांचं काय झालं तेही माहीत आहे. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीतींसोबत दागिनेही जप्त झाले, वितळवले गेले.

जुने गाउ बाजारात येतात ते बहुतेक रिकामे. विकण्याआधी आतलं काढून ठेवायची रीत आहे. डबी विकता येते, आशीर्वाद विकायचा नसतो. म्हणून मला ती रिकामी जागा हाच त्या वस्तूवरचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर वाटतो. कार्डावरचा तक्ता तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. कुणीतरी एका संध्याकाळी बिजागरी उघडून कागद, दाणे, दोरा बाहेर काढला, कापडात बांधला आणि चांदी दुकानदाराच्या तागडीत ठेवली, हे ती जागा सांगते.

तेच चक्र, दुसरा अर्थ

चिन्हाचा अर्थ वापरण्यातून ठरतो, याचं उदाहरण आपल्या जवळच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्याच हिवाळ्यात २५००व्या बुद्धजयंती सोहळ्यासाठी दलाई लामा भारतात आले होते. चक्र दोन्हीकडे होतं. पण नागपूरच्या तरुणाच्या गळ्यातल्या लॉकेटमधलं धम्मचक्र ताईत नसतं, ताईताला दिलेला नकार असतो. ते समतेची, नव्या नावाची, ताठ मानेची खूण आहे. ल्हासाच्या गाउवरचं चक्र बुद्धाची पावलं आहे, आणि संकटात जवळ असणारा आधार आहे. एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा असं नाही. दोन माणसं दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच आकाराशी पोचली.

तिबेटी माणसं आपल्याला परकी नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे, आणि हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटरचे स्टॉल लागतात. अशा स्टॉलवरच्या मावशीच्या गळ्यात मोठा गाउ क्वचितच दिसेल. मनगटावर किंवा गळ्यात एक तांबडा दोरा मात्र दिसू शकतो, मध्ये एक गाठ मारलेला. त्याला ‘सुंगदू’ म्हणतात, रक्षणाची गाठ. लामा मंत्र म्हणतो, गाठ मारतो, फुंकर घालतो. त्यात चांदी नाही, पिरोजा नाही. सीमेवर कुणी जप्त करत नाही, सोनार विकत घेत नाही, संग्रहालय मागत नाही. डबीतून शेवटी जे बाहेर काढून ठेवलं, ते आता उघड्यावर मनगटाला बांधलेलं आहे. पुढच्या वेळी स्वेटरच्या भावाची घासाघीस करताना एकदा तिकडे बघा.